सगळ्या पोरी एक जूनच्या

लेकरांच्या नोंदी ठेवण्याच्या धंद्यात मी कसा पडलो, याची हकीकत एका बकरीपासून सुरू होते.

किल्लारीकडं भूकंप झाला तेव्हा मी निलंग्याला मामाकडं राहून कॉलेजात शिकतोय, असा घरच्यांचा समज होता. थोड्याच दिवसांत मी एका छावणीत जाऊन पडेल ते काम करू लागलो. पत्र्याची शेडं, चिखल, आणि चारी बाजूंनी आलेली मदत. मदत एवढी, की एकाच लेकराला सकाळी एक मंडळ दूध पाजायचं आणि दुपारी दुसरं, आणि पलीकडच्या शेडातलं लेकरू दिवसभर कोरडंच. मला कुणी जबाबदारी दिली नव्हती, म्हणून मी स्वतःच घेतली. बाजारातून रंगीत फिती आणल्या आणि एक पद्धत काढली. मायबाप दोघंही गेलेल्या लेकराच्या मनगटाला हिरवी फीत, एक जण गेलेल्याला पिवळी, दोघंही असलेल्याला लाल. दूध वाटताना आधी हिरवी फीत बघायची.

सकाळी फिती बांधल्या आणि दुपारी बघतो तर अख्खी छावणी हिरवी. गोट्या आणि भोवरे देऊन फितींची अदलाबदल झालेली. एक पोरगं आईच्या मांडीवर बसून हिरवं मनगट नाचवत होतं. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही तर हाव की."

ती म्हणाली, "मग मी मेले म्हणून लिवा की भाऊ. उगं तेवढं दुधापुरतं."

संध्याकाळी एक म्हातारा बकरी घेऊन आला. तिच्या गळ्यात हिरवी फीत. तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "हिचे बी मायबाप गेलेत, गुरुजी. पाजा."

तिथंच माझी पहिली यंत्रणा बंद पडली. पण त्या छावणीत मी आणखी एक गोष्ट पाहिली आणि ती डोक्यात राहिली. एक पोरगी होती. गाडीतून उतरलेला प्रत्येक पाहुणा तिच्यासमोर उकिडवा बसायचा आणि विचारायचा, बाळ, त्या पहाटे काय झालं? ती सांगायची. पाहुणा डोळे पुसायचा आणि जायचा. मग दुसरी गाडी. पुढं पुढं गाडीची धूळ दिसली की ती शेडामागं जाऊन बसायची.

मग लातूर बदललं. भूकंपानंतर लातूरकर वरचा मजला चढवायला घाबरायचे. क्लासेस आले आणि सगळ्यांची भीती एकदम गेली. ज्याच्या त्याच्या गच्चीवर खोल्या उगवल्या. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं-पोरी सगळ्या मराठवाड्यातून येऊन त्या खोल्यांत राहू लागली आणि गल्लोगल्ली मेसच्या पाट्या लागल्या. याच दिवसांत मला बाल संरक्षणाच्या ऑफिसात कंत्राटी नोकरी लागली. मुलाखतीत विचारलं, कम्प्युटर येतो का? मी ताठ मानेनं म्हणालो, येतो. माझ्या मेव्हण्याचा कम्प्युटर क्लास होता. मी तिथं रोज दुपारी बसायला जायचो. पंखा चांगला होता.

तेवढ्यात वरून नवी यंत्रणा आली, लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्ह्यांसाठी. तोवर आमच्याकडं एका लेकराचे कागद चार ठिकाणी असायचे. पोलिसांचा कागद वेगळा, बालगृहाचा वेगळा, दवाखान्याचा वेगळा, आणि लेकरानं कुठं राहायचं हे ठरवणाऱ्या समितीचा वेगळा. चारही कागदांची एकमेकांशी ओळख नाही. म्हणून जो तो लेकराला समोर बसवून पहिल्यापासून विचारायचा. नव्या यंत्रणेत एक लेकरू, एक फाईल. कुणी काय नोंदवलं, पुढं काय करायचं आणि ते कुणी करायचं, हे दोन्ही जिल्ह्यांत एकाच वेळी पडद्यावर दिसणार. ज्याचं काम राहिलं त्याच्या नावापुढं लाल पट्टी.

आमच्या साहेबांनी कम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, आणि वरून कापडी खोळ चढवली. मी खोळ काढायला गेलो तर म्हणाले, "धूळ बसंल."

"पण साहेब, चालू कसा करणार?"

"चालू करायची घाई नको. आधी जपायला शिका."

मी मात्र साहेब जेवायला गेले की खोळ काढून जुने कागद त्यात भरू लागलो. दोन बोटांनी. माझा वेग असा की शिपाई म्हणायचा, "सर, कोंबडी दाणे टिपायलीय असं वाटतंय."

त्या जुन्या कागदांत खालांचा अर्ज होता.

खाला म्हणजे मावशी. सगळी गल्ली त्यांना खालाच म्हणायची. क्लासच्या पोरींची मेस चालवायच्या. मागच्या खोल्यांत काही पोरी राहायला, आणि जेवायला आसपासच्या गल्ल्यांतल्या. देगलूरकडं दिलेली त्यांची धाकटी बहीण आजारपणात वारली. बहिणीचा नवरा कधीचाच हैदराबादला कामाला गेलेला, तो परत आलाच नव्हता. बहिणीची एक पोरगी, शाळेत जाणारी. खाला मातीला पोचल्या, चार दिवस राहिल्या आणि घर आवरून तिला न्यायला परत येते म्हणून लातूरला आल्या. पोरीला धीर निघाला नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं की ती एकटीच लातूरला निघाली, उदगीरच्या गाडीत बसली. खालांनी देगलूर ते उदगीर आणि उदगीर ते लातूर सगळी स्टँडं पालथी घातली. पोरगी कुठं नव्हतीच.

दर शुक्रवारी खाला आमच्या ऑफिसात यायच्या. दारातूनच विचारायच्या, "साहेब, काही कळलं का?"

"नाही, खाला."

"बरं. पुढच्या शुक्रवारी येते." रडणं नाही, भांडणं नाही. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी दोन बोटांनी त्यांचा अर्ज यंत्रणेत भरला. मुलीचं वय, देगलूर, मावशी लातूरला, मेस. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर खाली एक ओळ आली: अशीच एक नोंद नांदेडला आहे, बघता का?

नांदेडच्या बालगृहात समुपदेशन करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी त्यांच्याकडच्या पोरींच्या फाईली आदल्याच आठवड्यात भरल्या होत्या. त्यात एक पोरगी देगलूरहून चुकीच्या गाडीत बसून नांदेडच्या स्टँडवर उतरलेली. लातूरला मावशी मेस चालवते एवढं तिनं सांगितलं होतं. मावशीचं नाव काय? "बडी खाला." बडी खालाला दुसरं काही नाव असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. नांदेडनं लातूरला पत्र पाठवलं होतं की मेस चालवणारी बडी खाला शोधावी. आता लातुरात मेस चालवणारी बाई शोधणं म्हणजे उसाच्या फडात ऊस शोधणं. ते पत्र कुठल्या तरी टेबलावर शांतपणे पडून राहिलं होतं.

मी ताईंना फोन लावला. त्यांनी फोटो चढवला. शुक्रवारपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. शिपायाला सायकलवर पाठवून खालांना बोलावलं. त्या पिठाच्या हातांनीच आल्या. पडद्याकडं बघितलं आणि पिठाचा पंजा सरळ पोरीच्या गालावर ठेवला.

"हौ," म्हणाल्या. "येच है. दुबली हो गई."

साहेबांनी मागून येऊन हे पाहिलं. त्यांनी स्वतःच्या हातानं खोळ उचलली, घडी घातली आणि कपाटात टाकली. "उद्यापासून उघडाच राहू द्या," म्हणाले. पडद्यावरचा पंजा मात्र त्यांनी कितीतरी दिवस कुणाला पुसू दिला नाही. आम्ही पंजाच्या कडेकडेनं वाचायचो.

आता पोरगी खालांकडं द्यायची तर समितीसमोर दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे तिची सगळी हकीकत लिहिलेली फाईल. दुसरी, खालांच्या घराची पाहणी. पाहणी माझ्याकडं होती.

मी छातीला ओळखपत्र लावून मेसवर गेलो. जेवायच्या वेळी गेलो, ही पहिली चूक. पोरींची रांग लागली होती. एकीनं मला बघून दुसरीला सांगितलं, "कुणाचे तरी पप्पा आलेत. मार्क कमी पडलेत वाटतं." लगेच सगळ्या रांगेच्या माना खाली. मी म्हणालो, मी पाहणीला आलोय. खाला म्हणाल्या, "पाहणी जेवून होते." वरण, वांग्याची भाजी, आणि खालांच्या हातची मऊ पोळी. मी पाहणी दोनदा मागून घेतली.

ऑफिसात येऊन अहवाल भरला. 'घरात लहान-मोठी माणसं किती' असा प्रश्न होता. मी प्रामाणिकपणे मेसच्या रांगेतल्या सगळ्या पोरी खालांच्या कुटुंबात धरल्या. यंत्रणेनं लाल पट्टी दिली: कुटुंब फार मोठं, मुलीकडं लक्ष देणं अवघड. दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त केलं. खाला त्यांच्या नवऱ्यासह दोघंच, पोरगी आली तर तीन. लाल पट्टी गेली. यंत्रणा आपल्याला कळली असं मला तेव्हा वाटलं. माझ्या आयुष्यातली सगळी मोठी नुकसानं 'आपल्याला कळलं' असं वाटल्यानंतरच्या आठवड्यात झाली आहेत.

आता एक जूनची गोष्ट सांगायला हवी. आमच्या पिढीचा जन्म केव्हा झाला हे आमच्या आयांना ज्वारीच्या हंगामावरून माहीत असायचं. शाळेत गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. कान सापडला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं. मग जन्मतारीख? गुरुजी एक जून लिहायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय बरोबर बसतं, कुणाची तक्रार नाही. माझी जन्मतारीख एक जून. साहेबांची एक जून. माझ्या बायकोची आणि तिच्या सगळ्या बहिणींची एक जून, आणि यात सासूबाईंना कधी काही अवघड वाटलं नाही. जन्माचा दाखला नसलेल्या लेकरांना शाळेत आणि बालगृहात अजूनही एक जूनच लिहितात.

यंत्रणेत एक सोय होती. एकाच लेकराच्या चुकून दोन फाईली झाल्या असतील तर त्या जोडून एक करायची. यंत्रणा विचारायची, कशावरून ओळखू? खालांच्या पोरीच्या तिकडं दोन फाईली तर नाहीत ना, म्हणून मी नांदेड जिल्हा निवडला, मुलगी निवडलं, आणि मोठ्या हुशारीनं जन्मतारखेचा दिवस आणि महिना निवडला. वर्ष सोडून दिलं, कारण वर्ष तर अंदाजानंच लिहितात, दिवस कोण चुकवतंय? स्वतः एक जूनचा माणूस असून हे मला सुचलं. यंत्रणेनं विचारलं, सगळ्या जोडू? मी होय म्हणालो आणि चहाला गेलो.

परत आलो तेव्हा साहेब पडद्यासमोर प्रसन्न चेहऱ्यानं बसले होते.

"वा," म्हणाले. "नांदेडला आता सांभाळायला मुलगी फक्त एकच राहिली की. वर कळवू का?"

मी बघितलं. नांदेड जिल्ह्यातल्या एक जूनच्या सगळ्या पोरींची मिळून एक पोरगी झाली होती. ती एकाच सकाळी नायगावला, भोकरला आणि नांदेडच्या स्टँडवर सापडली होती. ती दुसरीतही होती आणि नववीतही. तिला दूध आवडायचं आणि दुधानं उलटी व्हायची. आणि त्यातल्या कुठल्यातरी एका पोरीला मागच्या महिन्यात मायबाप घेऊन गेले होते, म्हणून सगळ्यांची मिळून शेवटची नोंद होती: मुलगी सुखरूप घरी पोचली. फाईल बंद.

फोन वाजला. नांदेडच्या ताई.

"सर, काय करून ठेवलाव हे? पोरगी इथं माझ्यासमोर बसून भात खायलीय आणि तुमचा कम्प्युटर म्हणायलाय ती घरी गेली."

"ताई, जरा तांत्रिक..."

"तांत्रिक न्हाई, तुम्हीच हाव. इथं तुमचं नाव दिसायलंय."

मग त्यांचा आवाज बदलला. बालगृहाच्या इमारतीची दुरुस्ती निघाली होती. सगळ्या मुलींना सोमवारी लांबच्या दुसऱ्या जिल्ह्यात हलवणार होते, आणि तो जिल्हा यंत्रणेत नव्हता. समितीची बैठक त्याआधी एकदाच, शनिवारी. शनिवारी फाईल पूर्ण असली तर पोरगी खालांकडं. नसली तर सोमवारच्या गाडीत. तिथं नवी समिती, नवे कागद आणि पुन्हा पहिल्यापासून सांग.

"आणि ती आता सांगणार न्हाई, सर," ताई म्हणाल्या. "पोलिसांना सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, इथल्या जुन्या बाईंना सांगितलं, मला सांगितलं. शेवटी मला म्हणाली, नीट लिहून घ्या, मी परत सांगणार न्हाई. तवापासून कुणी विचारलं की तोंड मिटून बसते. जे काय हाय ते त्या फाईलीतच होतं."

त्या फाईलीचा मी काला करून ठेवला होता.

मी साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे वर कळवू नको म्हणतोस?" आणि नांदेडला जायची परवानगी दिली.

एसटीत अख्खा रस्ता मी मनातल्या मनात ताईंची माफी मागण्याचा सराव केला. तिथं पोचलो तर ताईंनी माफीला वेळच दिला नाही. "सर, तुम्ही कशाला हात लावू नका. नुसतं शेजारी बसा," म्हणाल्या. गोष्ट अशी होती की यंत्रणेनं काहीच टाकून दिलं नव्हतं. प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कुठल्या दिवशी लिहिली आणि आधी कुठल्या फाईलीत होती, हे त्या ओळीच्या मागं जसंच्या तसं होतं. मी जोडलं होतं, ते सोडवता येत होतं. पण एकेक ओळ करून, हातानं. ताई वाचायच्या आणि सोडवायच्या. मी मूळच्या कागदाशी ताडून बघायचो आणि 'बरोबर' म्हणायचो. माझ्या नोकरीतलं मी केलेलं हे सगळ्यात बिनचूक काम.

मधेच अर्ध्या जेवणातून उठून एक पोरगी दारात येऊन उभी राहिली. कानात छोट्या बाळ्या, ओढणी कमरेला खोचलेली.

"तुम्हीच का ते सर," म्हणाली, "ज्यांनी मला घरी पाठवलं?"

ताई पडद्याआड हसू लागल्या.

"हो," मी म्हणालो. "पण रस्ता जरा चुकला."

"रस्ता मी पण चुकले," ती म्हणाली. "पण मी एकटी चुकले. तुम्ही सगळ्यांना घेऊन चुकलाव."

मी पुढचा कागद उचलला. तिनं विचारलं, "माझं सगळं गेलं का?"

ताईंनी तिला आत बोलावलं आणि फक्त तिचीच फाईल उघडून दाखवली. ती मराठी शाळेत शिकलेली, भराभर वाचत गेली. एका ठिकाणी थांबली. "इथं लिहिलंय की अम्मी गेल्यावर मी घराला कुलूप लावलं. किल्ली शेजारच्या चाचीकडं दिली, ते राहिलंय."

"तू सांगितलं नव्हतंस," ताई म्हणाल्या.

"मग आता लिहा."

ताईंनी लिहिलं. पोरीनं ती ओळ वाचली, मान हलवली आणि भात संपवायला गेली. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत नांदेडच्या सगळ्या पोरी आपापल्या वयाच्या, आपापल्या गावच्या आणि आपापल्या इयत्तेच्या झाल्या.

शनिवारी खाला पहाटेच्या गाडीनं आल्या. हातात डबा. मी म्हणालो, खाला, समितीसमोर डबा चालत नाही. त्या म्हणाल्या, "समितीला नाही आणला."

समितीच्या अध्यक्ष मॅडम निवृत्त शिक्षिका होत्या. चष्म्यावरून बघायच्या आणि मला आपण गृहपाठ केला नसल्याची भावना व्हायची. त्यांच्या शेजारी एक सदस्य नव्यानंच आले होते. माणूस प्रेमळ. त्यांनी पोरीला समोर बसवलं, खुर्ची पुढं ओढली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, घाबरू नको हं. पहिल्यापासून सांग बरं, काय काय झालं."

पोरीनं तोंड मिटलं. बोटं ओढणीत. खाला माझ्याकडं बघू लागल्या, मी ताईंकडं.

"सर, तिनं सांगितलंय," ताई म्हणाल्या.

"हो, पण आमच्यासमोर..."

मी उठलो. पडदा उचलून त्यांच्याकडं वळवावा म्हणून गेलो आणि वायरीत पाय अडकून कम्प्युटर बंद पाडला. तो पुन्हा सुरू व्हायला जो काही वेळ लागला, त्यात मी सगळ्यांकडं बघून हसत होतो आणि कुणीच माझ्याकडं बघून हसत नव्हतं. शेवटी फाईल उघडली. एकही लाल पट्टी नाही. वर पोरीचा फोटो, खाली ताईंनी लिहिलेली हकीकत, डॉक्टरांची नोंद, देगलूरच्या शाळेचा दाखला आणि लातूरहून मी भरलेली पाहणी. घराचे फोटो, खिडकीजवळची कॉट, जवळची शाळा कुठली आणि तिथं प्रवेश मिळेल की नाही, तेसुद्धा.

मॅडम वाचू लागल्या. सावकाश, बोट न लावता. सदस्यांनी मान पुढं घातली. त्यांचं मऊ हसू वाचता वाचता थांबलं आणि चेहरा साधा झाला. मला तो चेहरा जास्त आवडला. किल्लीच्या ओळीपाशी मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"हिनं सांगून झालंय," त्या सदस्यांना म्हणाल्या. "आता आपण हिला परत विचारायचं कारण नाही." मग पोरीकडं वळल्या. "तुला आम्हाला काही विचारायचंय का?"

पोरीनं वर बघितलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी केला नव्हता.

"तिथं रात्री लाईट बंद करतात का?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. लाईटचा रकाना अहवालात नव्हता. मी घशातल्या घशात काहीतरी म्हणालो. तेवढ्यात मागून खाला म्हणाल्या, "अगं, लाईट बंद कोण करतंय? पोरी रातभर वाचतात. मीच म्हणते, बंद करा ग बयांनो, माझं बिल बघा. एक ऐकत न्हाई."

पोरगी पहिल्यांदा हसली. मॅडमनी पेन उघडलं.

आदेश त्याच दुपारी निघाला. एरवी तो पोस्टानं लातूरला यायला महिना गेला असता. आम्ही नांदेडच्या ऑफिसातून बाहेर पडेपर्यंत तो लातूरच्या पडद्यावर होता आणि साहेबांनी फोन करून मला तो मोठ्यानं वाचून दाखवला, जणू तो त्यांनीच लिहिला होता. डबा स्टँडवर उघडला. खालांनी आधी पोरीला भरवलं, मग ताईंना आणि उरलेला माझ्यापुढं सरकवला.

सोमवारची गाडी गेली, पण अर्धी रिकामी. फाईली वेगळ्या करताना ताईंना आणखी तीन-चार पोरींची घरं सापडली होती, म्हणून शनिवारच्याच बैठकीत मॅडमनी त्यांना थांबवून घेतलं. कुणाची आत्या नायगावला, कुणाचा आजा शिरूर अनंतपाळला. आमच्या ऑफिसात तालुक्यांहून फोन येऊ लागले, "साहेब, आमचं बी एक लेकरू हाय. त्यात घाला की." साहेब फोन घ्यायचे आणि म्हणायचे, "घालतो. आमचा माणूस तज्ज्ञ आहे." मी शेजारी बसून दाणे टिपायचो. जोडणीच्या बटणाला मात्र ताईंनी नांदेडहून असं काही करून ठेवलं की ते माझ्या पडद्यावर दिसेचना. अजून दिसत नाही. मी विचारलंही नाही.

यंत्रणेच्या नियमानं महिनाभरानं मला खालांकडं बघायला जायचं होतं. या वेळी मी जेवायच्या वेळी मुद्दाम गेलो. पोरींची रांग होती. रांगेच्या टोकाला खाली चटईवर डॉक्टर व्हायला निघालेल्या पाच-सहा जणी गोल करून बसल्या होत्या आणि मधोमध ती. हातवारे करून सांगत होती. देगलूरहून निघालेली गाडी, नांदेडचं स्टँड, पोलीसमामाची टोपी. कुणी विचारलं नव्हतं. तिलाच सांगायचं होतं. मी कागदावर वाचलेली हकीकत आणि ही यांत बराच फरक पडला होता. या हकीकतीत ती रस्ता चुकलीच नव्हती, मुद्दाम नांदेड बघायला गेली होती. एक जाडा साहेब होता, त्यानं सगळ्या पोरींना एका पेटीत कोंडलं होतं, आणि तिनं आत जाऊन एकेकीला हात धरून बाहेर काढलं.

"अगं, तसं नव्हतं," मी दारातून म्हणालो.

खालांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं. "चूप बैठो, भैया," म्हणाल्या. "बोलू द्या तिला."

गोलातली एक जण घास हातात धरून थांबली होती. "मग? पेटीतून काढल्यावर?"

पोरीनं आमच्याकडं एकदा बघितलं, ताट पुढं केलं आणि म्हणाली, "आधी पोळी वाढ. मग सांगते."